डिफेन्स बदलापूरला गेला

टीम चालवणाऱ्याकडे कप जमोत न जमोत, किस्से मात्र जमतात. लालबागमधल्या आमच्या मंडळाच्या चौदा वर्षांखालच्या फुटबॉल टीमला मी सकाळी ऑफिसच्या आधी शिकवतो. हल्ली खेळाडू कमी आणि किस्से फार, अशी वेळ आली आहे. त्यात यंदा मंडळाने बजावलं होतं, की लीगच्या वरच्या गटातून खाली घसरलात तर टीम बंद आणि मैदान क्रिकेटवाल्यांना.

*

आमचा अख्खा डिफेन्स एकाच चाळीतला. चाळ पाडायला घेतली आणि बिल्डरने दिलेल्या भाड्यात घरं मिळाली ती थेट बदलापूरला. एका आठवड्यात चारही पोरं गेली. मी डोक्याला हात लावून बसलो, तर गोलकीपर साहिल मला समजवायला आला.

"सर, बाजूच्या चाळीला अजून नोटीस नाय आली. तिथली पोरं घेऊया."

तेव्हापासून नवा मुलगा आला की मी आधी बिल्डिंग विचारतो, पाय नंतर बघतो.

*

उंच म्हणून घेतलेल्या एका मुलाची आई मैदानावर आली. यंदा स्कॉलरशिपची परीक्षा आहे, तेव्हा त्याला डोक्याने बॉल मारायला लावू नका, म्हणाली. मी हो हो म्हटलं आणि विसरलो. पोरगा मात्र आईच्या शब्दाबाहेर नव्हता. पुढच्या मॅचला कॉर्नरवरून बॉल नेमका त्याच्याकडे आला आणि तो दोन्ही हातांनी डोकं झाकून खाली बसला. मागे गोल!

स्कॉलरशिप मिळाली. पेढे आले, तो पुन्हा आला नाही. आता त्या वेळेला क्लास असतो.

*

माझा मदतनीस नंदू परळच्या एका हॉस्पिटलात वॉर्डबॉय आहे. नाइट करून थेट मैदानात येतो. एका मॅचला लाइनवर झेंडा धरायला माणूस नव्हता, म्हणून त्याला उभा केला. तो उभ्याउभ्याच झोपला. ऑफसाइड होता का, म्हणून रेफरी ओरडला, तेव्हा नंदू दचकून म्हणाला, "आलो सिस्टर."

समोरची पोरं पोट धरून हसली. आमची हसली नाहीत. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचे वडील नाइट करतात. मला वाईट वाटलं, ते नंदूपेक्षा या पोरांचं.

*

प्रथमेश आमचा सगळ्यात चांगला फॉरवर्ड. त्याचीही चाळ गेली, तरी मानखुर्दच्या ट्रान्झिट कॅम्पातून तो दोन गाड्या बदलून यायचा. शेवटी त्याच्या वडिलांचा फोन आला. शाळेत झोपतो, माझं ऐकत नाही, तुम्हीच त्याला नाही म्हणा, म्हणाले. मी त्याला सांगितलं, तिकडच्या टीमकडून खेळ. त्याने बूट पिशवीत कोंबले आणि गेला.

लीगची शेवटची मॅच नेमकी त्याच्या नव्या टीमशी आली. बरोबरी झाली असती तरी आम्ही वरच्या गटात टिकलो असतो. शेवटच्या मिनिटांपर्यंत शून्य-शून्य होतं. साहिल जिवाच्या आकांताने अडवत होता. मग प्रथमेशला बॉल मिळाला. त्याने आमच्या दोघांना चुकवलं आणि डाव्या पायाने मारला. डावा पाय वापर म्हणून मी दोन वर्षं त्याच्या मागे लागलो होतो.

गोल झाला की धावत येऊन मला मिठी मारायची, ही त्याची जुनी सवय. त्याची नवी टीम मैदानाच्या मध्यावर हात पसरून उभी होती. तो तिकडे गेलाच नाही. सरळ आमच्या बाकाकडे आला आणि माझ्या गळ्यात पडला.

"सर, लेफ्टने मारला. बघितलंत ना?"