टाकीतलं पाणी

रस्त्याच्या पलीकडून चाचा अंगठा आणि एक बोट हवेत धरून न दिसणारी चावी फिरवायचे आणि ओरडायचे, "बाई, पाणी काढलं काय?"

मूल गावच्या बाजारात, दवाखान्याच्या रांगेत, एकदा तर लग्नाच्या पंगतीत, मी जिलेबी उचलत असताना. आजूबाजूच्या बायका माझ्याकडे बघायच्या. मी घास गिळून म्हणायची, "काढलं, चाचा." त्या पंगतीत मग ते समाधानाने वरणभात कालवायला लागले.

वस्तू दुसऱ्याला देऊन झाली तरी ज्याचा जीव तिच्यात अडकून राहतो, असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. आमचे चाचा फ्रिज दुरुस्त करायचे. मी सागाच्या लाकडाची खेळणी आणि नावाच्या पाट्या रंगवायची. रंग फवारायला हवेचं मशीन लागतं. माझं जुनं मशीन असं बोंबलायचं की भिंतीपलीकडचं शेजाऱ्यांचं तान्हं बाळ दचकून उठायचं. भांडणाची वेळ आली, तेव्हा चाचांनी एका भंगारातल्या फ्रिजचा कॉम्प्रेसर काढला, पत्रा वाकवून टाकी जोडली आणि नवं मशीन आणून ठेवलं. बटण दाबलं तर मला ते बंदच वाटलं.

"हात ठेवून पाहा," चाचा म्हणाले. आत बारीक थरथर होती.

"आता पोराले झोपू द्या. फक्त एक काम करा. हवा दाबली का तिच्यातलं पाणी टाकीत जमते. रोज सांजच्याला खालची चावी खोला, पाणी जाऊ द्या. बाकीचं मी पाहीन."

आणि ते खरंच बघायचे. दाढीचा जुना ब्रश साबणाच्या फेसात बुडवून ते प्रत्येक जोडावर फिरवायचे. कुठे बुडबुडा फुगला की हवा तिथून पळते. मग स्वतःवरच खूश होऊन म्हणायचे, "सापडला चोर!"

एका खंडेनवमीला मी मशीनची यथासांग पूजा केली. हळद, कुंकू, अक्षता, झेंडूची जाड माळ. दुसऱ्या दिवशी मशीन तापून बंद पडलं. चाचांनी हवा ओढायची जाळी काढली, तर आत पाकळ्या आणि तांदूळ गच्च बसलेले.

"पूजा करा ना, कोण नाई म्हणते? पण तिच्या नाकावर माळ काऊन घालता? तुमच्या नाकात झेंडू कोंबला तं तुम्ही काम कराल काय?"

पुढे दर खंडेनवमीला ते सकाळीच येऊ लागले. आधी जाळी साफ करायचे, मग माळ कुठे ठेवायची ते खडूने आखून द्यायचे आणि खोबऱ्याचा तुकडा खाऊन जायचे.

आता माझी गोष्ट सांगते. मी पाणी काढत नव्हते. सुरुवातीला महिनाभर काढलं. पण चावी टाकीच्या बुडाशी होती, पदर खोचून फरशीवर वाकावं लागे, तांबूस पाण्याचे डाग पडत. आज राहू दे, उद्या काढू, असं करता करता दोन पावसाळे गेले. आणि आमच्या धानाच्या मुलखात पावसाळ्याची हवा म्हणजे ओलं फडकंच. चाचा विचारायचे, मी "काढलं" म्हणायची. इतकी सवय झाली की खोटं बोलतेय हेही जाणवेनासं झालं.

मार्कंड्याच्या जत्रेसाठी बाहुल्या रंगवत होते, तेव्हा मशीनमध्ये हवा टिकेना. चाचांनी फेस फिरवला. बुडबुडा टाकीच्या बुडाला फुगला. त्यांनी हवा सोडली, चावी खोलली. साठलेलं पाणी त्या फटीतून आधीच गळून गेलं होतं, गंजाचं गढूळ पाणी जरासंच आलं. हातोडीने हलकेच ठोकलं तर पत्रा आत दबला.

"ही टाकी हवेच्या कामाची राह्यली नाई. फुटली असती तं तुमच्या जिवावर आलं असतं." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही तं रोज पाणी काढता नं?"

"हो," मी म्हणाले. अजूनही म्हणाले.

चाचा टाकी सायकलला बांधून घेऊन गेले. मी उरलेल्या बाहुल्या ब्रशने रंगवत बसले. आठवडाभर त्यांचं दुकान बंद होतं. मग एका दुपारी आले, स्टुलावर बसले. मी दिलेला चहा तसाच ठेवला.

"अशा सात मशीन बनवल्या होत्या मी. गडचिरोलीले गेलो, मुलचेऱ्याले गेलो, साऱ्या खोलून पाहिल्या. साऱ्या चांगल्या आहेत. तुमची एकटीच सडली. तुम्ही पाणी काढत होत्या, म्हणजे माझ्याच हातात खोट आली. नवी टाकी दुसऱ्याकडून बनवून घ्या, बाई. मी वेल्डिंग सोडून राह्यलो."

चाळीस वर्षं लोखंडात घातलेला माणूस माझ्या एका शब्दावर आपले हात नासले म्हणत होता.

"चाचा, मी पाणी काढत नव्हते."

"किती दिवस?"

"दोन पावसाळे."

मी मान खाली घालून बोलणी खायला तयार झाले. तेवढ्यात ते हसायला लागले. दोन्ही तळवे समोर धरून उलटेपालटे करून पाहिले.

"मंग हात ठीक आहेत माझे!" गार झालेला चहा त्यांनी एका घोटात संपवला. "आता गरम आणा!"

चार दिवसांत नवी टाकी बसली. बुडाला नळी जोडून चावी त्यांनी या वेळी बाजूला वर आणली होती, वाकायला लागू नये म्हणून. मला ते रागावले असते तर बरं वाटलं असतं.

काही वर्षांनी चाचा गेले. आठ-दहा दिवसांनी मी त्यांच्या घरी बसायला गेले. चाची रिवाजाप्रमाणे दारातल्या पडद्याआड होत्या, मी उंबऱ्याशी बसले. ओसरीवर गडचिरोलीचे एक फोटो स्टुडिओवाले भाऊ आले होते, चाचांच्या सात मशीनपैकी एक त्यांच्याकडे होतं.

"लय इमानी माणूस," ते म्हणाले. "एकदा पंधरा दिवसांत दोनदा आले. पहिल्यांदा तोंड उतरलेलं, मशीन खोलून पाहिली, म्हणे माझ्या हाताचा भरोसा नाई राह्यला. दुसऱ्यांदा पेढे घेऊन आले. म्हणे, हात ठीक आहेत. मी विचारलं, काय झालतं? तं सांगितलंच नाई."

"हमको भी नहीं बताया," पडद्याआडून चाची म्हणाल्या.

"मी सांगते," मी म्हणाले.

आणि त्या भरल्या घरात मी सगळं सांगितलं. पंगतीतली जिलेबी, दोन पावसाळे, माझं खोटं, काहीच झाकलं नाही. मग पडद्याआडून चाचींचं हसू ऐकू आलं. चाचा गेल्यापासून त्या पहिल्यांदाच हसल्या, असं त्यांची सून मला दारापर्यंत सोडायला आली तेव्हा म्हणाली.