एका चुलीवर जेवणारी माणसं

धाडच्या स्टँडवर औरंगाबादेची गाडी उभी होती आणि माझे वडील माझ्याशी बोलत नव्हते. ट्रंक त्यांनीच टपावर चढवली, कंडक्टरला दोन शब्द सांगितले आणि लिंबाखाली जाऊन पाठमोरे उभे राहिले. बी.ए. झालेला पोरगा बुलडाण्याच्या शाळेत मास्तर होईल, सुट्टीच्या दिवशी मिरचीच्या मळ्यात उभा राहील, असं त्यांनी धरून ठेवलं होतं. मी निघालो होतो पुण्याला, आणखी शिकायला. गाडी सुरू झाली तसे खिडकीपाशी आले. "जाय. पन आता आला तं पाव्हन्यासारखा येजो," म्हणाले. मला वाटलं, रागात आहेत, उतरेल.

तुम्ही गावात राहिलेले आणि तुम्ही माझ्यासारखे ट्रंक उचलून निघालेले, दोघंही मला म्हणता, नशीब काढलं, पुण्यात शिकला. शिकलो, खोटं कशाला सांगू. काय शिकलो ते एकदा ऐकून घ्या.

महाराष्ट्र नुकताच झाला होता. तोवर आमच्याकडची पोरं शिकायला नागपूरला नाहीतर अमरावतीला जायची. पुणं आपलं झालं ते नकाशावर. तिथं पहिल्याच चर्चेत मी उठून "मले वाटते" म्हणालो आणि अख्खा वर्ग फिसकन हसला. आमचे सर मात्र हसले नाहीत. शांतपणे म्हणाले, "हसू नका. ही बोली अभ्यासाचा उत्तम विषय आहे. अभ्यासकानं बोलायची नाही, एवढंच." हसले असते तर बरं झालं असतं.

एम.ए. झालं, संशोधन सुरू झालं. विषय ठरला गावातली शेती आणि कुटुंबं. गाव कोणतं? "तुमचंच घ्या, राहण्या-जेवणाचा खर्च वाचेल," सर म्हणाले. प्रबंध इंग्रजीत आणि बोलणी मराठीत, असा सगळा कारभार. पहिलं प्रकरण लिहून नेलं तर 'माझं गाव' असं जिथं जिथं आलं होतं तिथं तांबड्या पेन्सिलीची काट. "अहो, गाव तुमचं असेल तर तिथं जाऊन राहा की. इथं कशाला आलात? संशोधकाला गाव नसतं." एका तळटीपेत मी लिहिलं होतं की ही माहिती माझ्या वडिलांनी दिली. ती टीप त्यांनी वर्गात वाचून दाखवली. "वडील कोणत्या विद्यापीठात असतात?" विचारलं. वर्गाबरोबर मीही हसलो. न हसून जातो कुठं?

मग त्यांनी रीत शिकवली. प्रत्येक घरी तोच प्रश्न, त्याच शब्दांत. उत्तर सुचवायचं नाही, वाद घालायचा नाही, सांगतील ते लिहून घ्यायचं. आणि कुटुंब म्हणजे एका चुलीवर जेवणारी माणसं. जो त्या चुलीवर जेवत नाही तो मोजायचा नाही, मग तो कोणीही असो. मी हे इतकं घोकलं की झोपेतही सांगितलं असतं.

गावात आलो तर गाव बिथरलेलं. जमिनीच्या कमाल मर्यादेचा कायदा आला होता. सरकार जादा जमीन काढून घेणार, पण ज्या घरात माणसं जास्त त्याला जमीन जास्त ठेवणार, एवढं सगळ्यांच्या कानावर आलेलं. ज्याच्याकडे धड तीन एकर नाही तोही धास्तावलेला. अशात मी आलो पँट घालून, हातात छापील कागद घेऊन. मग काय, घरोघर माणसं वाढली. नांदायला गेलेल्या पोरी परत आल्या. एकानं तर मेलेली आत्या जेवायला बसवली. आमच्या शेजारी रहीमचाचा राहायचे, गाड्यांची चाकं करायचे. त्यांनी मुंबईच्या गिरणीतला पोरगाही सांगितला. मी नुसतं त्यांच्याकडे पाहिलं. "लिख बेटा," म्हणाले. "सलीम बंबईले असन, पन पोरगा तं माहाच हाये ना?" मी लिहिलं.

आमचं घर शेवटी ठेवलं होतं. वडील ओट्यावर तंबाखू मळत बसले होते. त्यांनी माझ्यासाठी घोंगडी अंथरायला लावली, तलाठ्यासाठी अंथरतात तशी. माय दाराआड उभी. जमीन आम्हालाही होती, एक माणूस वाढला तर फायदा त्यांचाच होता. पण मला त्या फायद्याचं काही नव्हतं. पुण्यात जिथं तिथं काट खाऊन आलो होतो. निदान बापाच्या तोंडून आपण या घरातले आहोत एवढं ऐकायचं होतं. त्या एका प्रश्नासाठी मी सगळं गाव पालथं घातलं म्हणा ना.

विचारलं, "एका चुलीवर जेवणारी माणसं किती?"

"पाच."

म्हणजे वडील, माय, दादा, वहिनी आणि त्यांचं लेकरू. मी पेन कागदावर टेकवून थांबलो आणि सरांची रीत मोडली. "आन मी, बाबा?"

"तू कुठं जेवतं? पुन्याले जेवतं ना? गावभर तूच इचारत फिरला, एका चुलीवर कोन जेवते म्हनून." तंबाखू झटकली. "लोकं खोटं सांगते, मी कायले सांगू? पाच लिहा, साहेब."

"अवो, असं काऊन बोलता पोराले?" माय आतून म्हणाली. त्यांनी तिकडे पाहिलंही नाही. मी पाच लिहिलं. मग तिनं मला वाढलं, त्याच चुलीवरची भाकर आणि ठेचा. जेवलो. आकडा पाचच राहिला.

पुण्यात सरांनी गठ्ठा चाळायला घेतला. "प्रत्येक घर म्हणजे लग्नघर आहे का हो? सगळं गाव तुमच्या तोंडावर खोटं बोललं आणि तुम्ही मान डोलावत लिहून घेतलं." कागदामागून कागद बाद. मग एका कागदावर पेन्सिल थांबली. "हा एक माणूस मात्र खरं बोलला. जमीन आहे, तरी माणसं फुगवली नाहीत. कोण हे?"

'माझे' म्हणायचं नाही, हे एव्हाना माझ्या अंगवळणी पडलं होतं.

"एक शेतकरी आहेत, सर."

"बघा, माहिती देणारा असा असावा," सर म्हणाले. "भाग्य लागतं."

पुन्हा जाऊन सगळं गाव नव्यानं विचारलं, आमचं घर सोडून. ते उत्तर पक्कं होतं. पदवी मिळाली. वडिलांनी पाचाचे सहा कधी केले नाहीत आणि मीही कधी मागितलं नाही. दोघंही हट्टाला पेटलेले. ते गेले तरी माझा राग गेला नाही. आता धाडला जातो तेव्हा वहिनी पाट मांडून आधी मला एकट्याला वाढते, घरचे मागून बसतात. पाहुण्याला असंच वाढतात.

घर म्हणजे काय, हे मी गेली कित्येक वर्षं वर्गात शिकवतो. एका चुलीवर जेवणारी माणसं, दुसरं काही नाही. परवा एका मुलीनं विचारलं, "सर, शिकायला बाहेर गेलेला असन, त्याले धरायचं का?" 'त्याले' म्हणाली तशी पोरं हसली. मी हसलो नाही.

"त्या चुलीवर जेवतो का?" मी विचारलं.

"नाही सर."

"मग धरायचं नाही."

ती आमच्याच बुलडाण्याकडच्या सुलतानपूरची होती. तिनं मान खाली घालून लिहून घेतलं.