बैहरच्या घाटासाठी एक गाडी

गाडी कुणाचीही असो, साहेब तिच्या पुढच्या कोपऱ्यावर तळहात ठेवायचे, अंगाचा भार टाकून दाबायचे आणि हात चटकन उचलून बाजूला उभे राहायचे. गाडी खाली जायची, वर यायची, पुन्हा खाली, पुन्हा वर. साहेब मान हलवायचे. "एकदाच डुलावं अन् थांबावं," म्हणायचे. "हे तं पाळणा होऊन राह्यलं." एका लग्नात त्यांनी नवरदेवाची फुलांनी सजवलेली जीप अशी दाबून पाहिली. आत नवरदेव बसलेला होता. त्याचा फेटा बराच वेळ डुलत राहिला, आणि साहेबांनी त्याला बाशिंगातून दिसेल अशा बेताने वाकून सांगितलं, "शॉकअप गेले तुमचे."

बालाघाटच्या सिंचाई खात्यात ते मानचित्रकार होते. कालव्यांचे, बंधाऱ्यांचे नकाशे काढायचे. गाव त्यांना नक्शा साहेब म्हणायचं. मी त्याच ऑफिसात टायपिस्ट, आणि सरकारी क्वार्टरमध्ये त्यांचा भिंतीला भिंत लागून शेजारी. त्यामुळे त्यांच्याकडे जे काही व्हायचं, ते मला आधी ऐकू यायचं आणि मग माझ्यावर यायचं. असा एखादा शेजारी तुमच्याही नशिबी आला असेल. नसेल, तर तुमच्या पँटी तरी शाबूत असतील.

सगळं सुरू झालं ते वहिनींच्या पोटापासून. वहिनींचं माहेर बैहरला. बालाघाट आणि बैहरच्या मध्ये घाट. घाटाचं पहिलं वळण लागलं की वहिनी पांढऱ्या पडायच्या, आणि पुढचं सगळं खिडकीतून व्हायचं. बसचे कंडक्टर त्यांना ओळखायचे. त्या चढल्या की खिडकीची जागा रिकामी व्हायची, आणि त्यांच्या मागे बसलेले लोक न सांगता आपापल्या काचा ओढून घ्यायचे. आवळा झाला, ओवा झाला, पोटावर वर्तमानपत्र बांधून झालं. शेवटी वहिनींनी माहेरचं नाव सोडलं. त्यांच्या आईचे गुडघे गेलेले, त्या खाली उतरू शकत नव्हत्या. मायलेकी एसटीडी बूथवरून बोलायच्या, आणि फोन ठेवल्यावर वहिनी घरी येऊन पोळ्या जरा जास्तच जोराने लाटायच्या. भिंतीपलीकडे आम्हाला कळायचं, आज बैहरला फोन झाला.

अशात वहिनींच्या धाकट्या भावाचं लग्न ठरलं. येत्या वैशाखात, बैहरलाच.

"जाईन कशी?" वहिनी म्हणाल्या. "वरातीत उलट्या करत?"

महिन्याभरात साहेब नागपूरला गेले आणि गाडी घेऊन आले. एका डॉक्टरने वापरून विकलेली, छोटी, लाल, गोल डोळ्यांची. त्या दिवसांत छोट्या गाड्यांमध्ये ही सगळ्यात चपळ समजली जायची. कॉलेजातली पोरं तिच्याभोवती फिरून शिट्ट्या मारायची. साहेबांनी आल्या आल्या तिचा कोपरा दाबून पाहिला आणि म्हणाले, "जात चांगली आहे. वळण लावा लागते."

गोंदियाच्या स्टेशनवरून ते मोटारींचं एक इंग्रजी मासिक आणायचे आणि शब्दकोश मांडीवर ठेवून वाचायचे. त्यातून त्यांचा सिद्धांत तयार झाला. "बाबूजी," ते मला म्हणाले, "उलटी पोटात नसते. उलटी स्प्रिंगेत असते. गाडी वळणावर झुकते, म्हणून पोट झुकते. गाडी सपाट वळली, तं पोटाले कळणारच नाही घाट आला म्हणून."

मला ते पटलं. मला तेव्हा पुष्कळ गोष्टी पटायच्या.

आता सुधारणा किती झाली हे मोजायचं कसं? त्यांनी उपाय काढला. मागच्या सीटवर मी बसायचं, मांडीवर कढीचं उघडं पातेलं घेऊन, आणि साहेबांनी घाटाची पहिली काही वळणं घ्यायची. कढी सांडली की गाडी नापास.

"मीच काहून?" मी विचारलं.

"एक तं तुम्हाले कधी उलटी होत नाही. अन् लग्नाच्या सामानाएवढं वजन मागे पाहिजे. सरकारच्या कामाले तुमचं वजन कधी पडलं नाही, माह्या कामाले तरी पडू द्या."

पहिल्या रविवारी अर्धी कढी माझ्या पायजम्यात गेली. साहेबांनी पातेल्यात वाकून पाहिलं आणि समाधानाने म्हणाले, "डावीकडे जास्त झुकते."

नवं सामान परवडणार नव्हतं. पगार एक, त्यात नुकतीच गाडी घेतलेली. म्हणून सगळं भंगारातून. मासिकात लिहिलं होतं, गाडी जितकी जमिनीजवळ तितकी वळणावर शहाणी. साहेबांनी स्प्रिंगांचे वेढे लोहाराकडून कापून आणले. गाडी खाली बसली. दिसायला लागली मोठी रुबाबदार. आम्ही रुबाबात निघालो आणि रेल्वे फाटकावर रुळांच्या उंचवट्यावर तिचं पोट टेकलं. चारही चाकं हवेत नव्हती, पण जमिनीला धरून आहेत असंही म्हणवत नव्हतं.

आणि लांबून शिटी ऐकू आली.

घाबरू नका. ती तेव्हाची छोटी गाडी होती, नॅरो गेजची. तिच्यातून उतरून लोक कडेची बोरं तोडायचे आणि पुन्हा चढायचे. फाटकवाल्याने लाल झेंडी दाखवली, इंजिन आरामात येऊन थांबलं, ड्रायव्हर खाली उतरला आणि कमरेवर हात ठेवून आमच्याकडे बघत राहिला.

"साहब, ये कार है कि कछुआ?"

"लो प्रोफाइल है," साहेब म्हणाले.

"तो प्रोफाइल उठाइए ना, गोंदिया जाना है."

पहिल्या डब्यातले लोक उतरले. एका मामांनी धोतर खोचलं, दोन बायकांनी नुसता सल्ला दिला, आणि गाडी उचलून पलीकडे ठेवली गेली. मागच्या सीटवर मी पातेलं घेऊन तसाच बसून होतो, कारण साहेबांनी उतरू नका म्हणून सांगितलं होतं. उचलणाऱ्यांपैकी एकाने आत डोकावून विचारलं, "भाऊ, हे काय?" मी म्हणालो, "कढी." त्याने डोकं बाहेर काढून घेतलं.

गावाला एवढं पुरेसं होतं. पानठेल्यावर बातमी पक्की झाली की नक्शा साहेबांना या वयात रेसचं वेड लागलं आहे. ऑफिसात मोठे साहेब मला बोलावून विचारू लागले, "घर में सब ठीक है ना उनके?" वहिनी मात्र शांत होत्या. "काय लावलं काय काढलं ते मले सांगू नका," त्या म्हणायच्या. "मले माय भेटली पाहिजे, बस."

कापलेल्या स्प्रिंगा गेल्या, दुसऱ्या आल्या. मग साहेब तिरोडीला गेले आणि खाणीच्या भंगारातून पट्ट्याचं जाड रबर घेऊन आले, ज्याच्यावरून मँगनीजचे दगड वाहून नेतात ते. गाडीच्या सांध्यांमधली मऊ झालेली रबरं काढून त्यांनी याचे तुकडे कोरून बसवले. गाडी एकदम कडक झाली. रस्त्यावर विडीचं थोटुक पडलेलं असलं तरी माझ्या मणक्याला कळायचं. मग एका मोडीत निघालेल्या व्हॅनखालची जाड सळई आली. ती पुढच्या दोन्ही चाकांच्या मधे आडवी बसवली, म्हणजे एक बाजू झुकायला लागली की दुसरी तिला धरून ठेवणार. "नवराबायकोसारखं," साहेब म्हणाले. नंतर नागपूरहून रुंद टायर आले, वापरलेले पण नक्षी शाबूत असलेले. खिडक्यांच्या जाळ्या बनवणाऱ्या मिस्त्रीकडून त्यांनी मोकळ्या श्वासाचा सायलेन्सर करून घेतला. चढावर ताकद मिळावी म्हणून. ताकद मिळाली का, ते माहीत नाही. पण गाडी सुरू झाली की क्वार्टरमधली कुत्री आधी भुंकायची आणि मग विचार करून पळायची.

आणि खरंच, कढी सांडायची थांबली. एका रविवारी आम्ही वळणामागून वळण घेतलं आणि पातेल्यात नुसती एक लाट इकडून तिकडे गेली, काठाला लागून परत आली. साहेबांनी गाडी बाजूला घेतली. मागे वळून बराच वेळ त्या कढीकडे बघितलं. मग म्हणाले, "चला, भात आहे का कोणाकडे?"

लग्नाच्या आदल्या दिवशी, हळदीला पोचायचं म्हणून, सकाळी आम्ही निघालो. साहेब चालवायला, वहिनी शेजारी, मी मागे. या वेळी मांडीवर आहेराच्या साड्या आणि अनारशांचा डबा. वहिनींनी नवीन लुगडं नेसलं होतं. पहिलं वळण गाडीने असं घेतलं की मला अभिमान वाटला, जणू सळई मीच वाकवली होती. दुसरं वळण. साहेब तिरप्या नजरेने वहिनींकडे बघत होते. तिसऱ्याला वहिनी पांढऱ्या पडल्या. चौथ्याला त्यांनी साहेबांचा दंड धरला.

मी डबा छातीशी धरून खाली उतरलो आणि सागाच्या झाडांकडे बघत राहिलो. मागे वहिनी रस्त्याच्या कडेला वाकलेल्या, साहेब त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होते. मग वहिनींनी चूळ भरली. साहेब एका दगडावर बसले. त्यांच्या बोटांना अजून ग्रीसचा काळेपणा होता, तो लग्नासाठी दगडाने घासूनही निघाला नव्हता.

"परत जाऊ," ते म्हणाले. "मी भावाले फोन करतो. माह्या हातून नाही झालं."

वहिनी पदराने तोंड पुसत उभ्या होत्या. वरून एक बस घरघरत खाली उतरत होती. ती वळण घेऊन जाईपर्यंत त्या बघत राहिल्या. खिडकीतून एक बाई डोकं बाहेर काढून होती. ड्रायव्हर मात्र गाणं म्हणत होता.

"अहो," वहिनी म्हणाल्या, "ह्या ड्रायव्हर लोकायले कधी उलटी होते का?"

साहेबांनी वर बघितलं.

"मी बापाचा ट्रॅक्टर चालवत होते. धानाच्या बांधीत. रिव्हर्स घेत होते ट्रॉलीसकट. द्या चाबी."

"हा घाट आहे. बांधी नाही."

"अन् मी पाहुणी नाही. माह्या भावाची हळद आहे. उठा."

साहेब उठले. डाव्या बाजूने आत बसले. मी मागून बघितलं, त्यांना पट्टा कुठे लावायचा तेही सापडत नव्हतं. त्या बाजूला ते कधी बसलेच नव्हते.

पहिली दोन वळणं वहिनींनी ट्रॅक्टरसारखी घेतली, दोन्ही हातांनी, दात आवळून. तिसऱ्याला गाडीने त्यांना ओळखलं, किंवा त्यांनी गाडीला. स्टिअरिंग वळवलं की गाडी वळत होती, तेवढीच आणि तेव्हाच. वहिनींच्या तोंडून एक "अग्ग बाई" निघालं आणि पाय खाली गेला.

"सोड, सोड, आता सोड," साहेब म्हणत होते. "वळणाच्या आधी सोड. हां. आता दे."

"मले समजते."

"हौ, पण दे."

सायलेन्सर गर्जत होता, माकडं झाडावर चढत होती, मागचं टायर जरासं किंचाळायचं आणि वहिनी हसायच्या. इतकी वर्षं शेजारी राहिलो, भिंतीतून त्यांचं सगळं ऐकलं, पण हे हसणं नव्हतं ऐकलं. एका वळणावर त्यांनी पुढच्या जीपला हॉर्न देऊन मागे टाकलं, आणि त्या जीपमध्ये वरपक्षाचेच पाहुणे होते हे आम्हाला नंतर कळलं. साहेब रस्त्याकडे बघत नव्हते. ते वहिनींच्या हातांकडे बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर ते भाव होते, जे मी एरवी फक्त न सांडलेल्या कढीसमोर पाहिले होते.

माथ्यावर त्या दिवशी आणखी एक उलटी झाली. ती माझी. अनारशांचा डबा मात्र वाचला.

बैहरला दारात वहिनींची आई खुर्चीवर बसली होती. लाल गाडी अंगणात येऊन थांबली, स्टिअरिंगमागून लेक उतरली, आणि म्हातारी आधी जावयाकडे बघून म्हणाली, "काहून, जावयाले बरं नाही का?" मग मायलेकी एकमेकींना धरून रडल्या, आणि मला कुणीतरी लिंबाचं सरबत दिलं.

पुढे गाडी वहिनींची झाली, त्याची वेगळी घोषणा झाली नाही. शनिवारी ऑफिस सुटलं की ऑफिसच्या फाटकाशी इंजिन घुमायचं आणि साहेब डबा घेऊन डावीकडे जाऊन बसायचे. राज्याची वाटणी झाली तेव्हा आमचं ऑफिसही फुटलं, मी भोपाळला गेलो. साहेब निवृत्त होऊन बैहरलाच राहिले. आता त्यांना जाऊनही काही वर्षं झाली. मी वेळेवर पोचू शकलो नाही.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते घाटातच. मी बसमधून बैहरकडे चाललो होतो, नातेवाइकांकडे. मागून ओळखीची गर्जना आली. ड्रायव्हरने शिवी देत बस कडेला घेतली आणि लाल गाडी आमच्या शेजारून वळणात शिरली. वहिनींचे केस आता पांढरे होते. त्यांनी मला पाहिलं नाही, त्यांचं लक्ष पुढे होतं. डावीकडच्या सीटवर साहेब झोपले होते. मान मागे टाकून, तोंड उघडं ठेवून, हात पोटावर, गाढ झोपले होते. गाडी वळली, पार दिसेनाशी झाली, तोवर त्यांची झोप मोडली नव्हती.