सुपडूचे भाऊ

गोकुळाचे दोन मुलगे रांगायच्या आत गेले, म्हणून तिसरा झाला तेव्हा तिने रीत पाळली. बाळाला सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं. शेजारच्या गिरजाबाईने मूठभर कोंडा देऊन ते विकत घेतलं आणि गोकुळाकडेच पोसायला दिलं. नाव पडलं सुपडू. आता पोर गिरजाबाईचं, म्हणजे गोकुळाच्या मागे लागलेलं मरण त्याला ओळखणार नव्हतं. फक्त त्याच्यासमोर मेलेल्यांचं नाव काढायचं नाही.

गोकुळा चामोर्शीकडच्या तलावावर मासे धरणाऱ्या घरातली, बाजारात कोणाचंही ऐकून न घेणारी, तोंडाची फटकळ. पण या एका बाबतीत तिने तोंडाला कुलूप घातलं.

सुपडूचा कान सारखा वाहायचा. आलेलं तोंड बरं होईना. न्यूमोनिया गेला म्हणेपर्यंत पुन्हा उलटायचा. तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंनी एकदा विचारलंही, "याच्याआधी लेकरं दगावली का? माहेरी कोणी मुलगा?"

सुपडू मांडीवरून टकमक बघत होता.

"नाई बाई," गोकुळा म्हणाली. "कोणीच नाई."

माहेरी तिचा भाऊही असाच तान्हेपणी गेला होता. बाईंनी नेहमीचं औषध लिहून दिलं. पोराच्या जिवासाठीच ती खोटं बोलली, तिला दोष तरी कसा द्यायचा?

पुढे चंद्रपूरच्या दवाखान्यात सुपडूला श्वास घेता येईना, तेव्हा गिरजाबाईनेच सगळं सांगून टाकलं. डॉक्टरांनी सुपडूचे जुने कागद चाळले. मग म्हणाले, "याच्या अंगात जन्मापासूनच रोगाशी लढायची ताकद नसावी. आईकडून मुलग्यांना येतो असा आजार. आधीचे मुलगे गेले हे तेव्हाच कळलं असतं, तर वेळेत तपासलं असतं."

सुपडू त्याच आठवड्यात गेला. गोकुळाला रडू येईना. आपणच पोर घालवलं, एवढंच तिला कळत होतं.

एटापल्लीला दिलेल्या धाकट्या बहिणीच्या, रंजीताच्या, पोराचाही कान वाहतो असं तिने ऐकलं होतं. सुतक फिटायची वाट न बघता ती बसने तिकडे गेली आणि दारातच बोलू लागली, "रंजे, माहे तिन्ही पोट्टे गेले, आपला भाऊ गेला. तुह्या पोराले मोठ्या दवाखान्यात ने. डॉक्टरले हे सारं सांग."

रंजीताने पोराला छातीशी धरून त्याचे दोन्ही कान तळव्यांनी झाकले.

"त्यायचं नाव नको काढू, बाई," ती हळूच म्हणाली. "तुहा सुपडू गेल्याबरोबर यालेबी आम्ही सुपात घालून इकलं."