कमरेएवढा ओटा

बेल्याच्या थांब्यावर बस यायच्या आधी आईनं माझी पेटी एका हातानं उचलून पाहिली. "हलकी हाय, बरं हाय," म्हणाली. "जड सामान नेलं का मानूस तिथंच रायते. दोन वर्षं करजो, बदली घेजो अन् वापस येजो." मी मान डोलावली. लोकांच्या कापसात राबून तिनं मला मास्तरीण केलं होतं, तिला नाही कसं म्हणणार? पण खरं सांगते, बस हलली तेव्हा मला रडू आलं नाही. नवऱ्यानं सोडचिठ्ठी दिल्यापासून हापशीवर पाण्याला गेलं तरी कोणीतरी विचारायचंच, "जावई नाई आले का न्यायले?" ठाऊक असून विचारायचे. गावातल्यांनो, हे वाचून वाईट वाटून घेऊ नका, पण विचारणाऱ्यांत तुमीही होते.

जिल्हा आपलाच, आदिलाबाद. पण या टोकाहून त्या टोकाला जायचं म्हणजे दिवस बसमध्येच जायचा. कागजनगरच्या पुढं जंगल तोडून वसवलेल्या गावांना लोक नंबरानंच ओळखायचे. माझी शाळा पाच नंबर कॅम्पात. ऑफिसातले लोक त्या सगळ्या भागाला 'बंगाली मंडल' म्हणत. पूर्व बंगालातून उठलेली ही माणसं, कुठकुठल्या तंबूंत वर्षं काढून शेवटी इथं आणून बसवलेली. तिन्हीसांजेला बायका तुळशीपुढं शंख फुंकत. बाजारात त्यांची भाजी आली की दुसऱ्या कोणाची खपत नसे. शाळेत तर सगळा आनंदच होता. मी मराठी, पोरं बंगाली, पुस्तक तेलुगू आणि भांडण हिंदीत. पहिलं वर्ष कोण कोणाला शिकवून राह्यलं तेच कळत नव्हतं.

मी भाड्यानं राहिले ती खोली माशिमांची. माशिमा म्हणजे मावशी, सारा कॅम्प त्यांना तेच म्हणायचा, आणि मला दीदीमोनी, म्हणजे मास्तरीणबाई. त्यांच्या घराचा ओटा कमरेएवढा उंच. पाहिलं तर सगळ्याच घरांचे तसे. आधी अंगणाशेजारी तळं खणायचं, त्या मातीनं जमीन उंच करायची, मग वर भिंती, अशी त्यांची घर बांधायची रीत. नदी कोसभर लांब, तीही खोल दरडीत. मी विचारलं, इथं पूर येतो का? माशिमा हसल्या. "इधर नहीं आता, दीदीमोनी. हमारा देश में आता था. लेकिन हाथ तो वही है ना." त्यांच्या म्हाताऱ्यानं इथला पहिला ओटा घालताना किती उंच करू म्हणून कोणाला विचारलं नाही, हात आपोआप कमरेशी थांबला. ही गंमत मी आईला पत्रातही लिहिली.

त्यांच्या मोहरीतल्या माशाचा काटा पहिल्याच घासाला माझ्या घशात अडकला. माशिमांनी कोरड्या भाताचा गोळा गिळायला लावला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मासाच पाठवला. पण नवरा कुठं आहे, हे त्यांनी कधी विचारलं नाही. कोणीच नाही. मागं काय सोडून आलीस, हे तिथं विचारायची पद्धतच नव्हती. मला त्या न विचारण्याची सवय लागली, आणि ती सुटेना.

पेटी मात्र दोन वर्षं दाराशीच होती. भिंतीला खिळा नाही, बुद्धाची लहानशी मूर्तीसुद्धा कपड्यांतच गुंडाळलेली. एक दिवस माशिमांनी न विचारता माझ्या भिंतीला मातीचा कोनाडा करून दिला. मूर्ती तिथं बसली. त्याच महिन्यात बदलीचा अर्ज करायचा होता. मी केला नाही.

आईला कळवलं, साहेबानं मंजूर केली नाही. तिला वाचता येत नव्हतं, पत्र शेजारीण वाचून दाखवायची. पुढल्या वर्षी तेच कळवलं. त्याच्या पुढल्याही. आई शेजारणीकडून लिहवून पाठवायची, "सरकारचं काय खरं हाय बाई, तू जिवाले खाऊ नोको." अशी सात वर्षं गेली. हे आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. लाज वाटते, पण माझं मन तिथं रमलं होतं हेही तितकंच खरं.

मग आई वावरात पडली, मांडीचं हाड मोडलं. मी अर्ज केला आणि दोन महिन्यांत बदली हातात. निघताना पेटी एका माणसाला उचलेना.

बेल्याला आले. आई काठी धरून खुरडत चालायला लागली होती. ती एवढंच म्हणाली, "या खेपेले लवकर भेटली." मी भाकरी थापत राहिले.

पुढं जुन्या झोपडीच्या जागी दोन पक्क्या खोल्या काढल्या. गवंड्यानं विचारलं, "बाई, ओटा केवढा?" मी हात धरला, तो कमरेशी. गवंडी बघतच राहिला. खाटेवर बसलेल्या आईनं माझ्या हाताकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "मनून मंजूर नोती होत काय तुही बदली," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं. मग ती गवंड्याला म्हणाली, "कर तिच्या हातायेवढा. पायऱ्या तेवढ्या बुटक्या ठेवजो, मले चढा लागन."

हापशीवर बाया अजून हसतात, मास्तरीणबाईच्या घरी समुद्र येणार हाय म्हणून. आता कोणी घर कुठलं विचारलं तर मी बेला सांगते, आणि सांगताना माशिमांचा कोनाडा डोळ्यांपुढं येतो. तुमच्यातले जे आपलं गाव सोडून गेले त्यांना हे उलगडून सांगायला नको.

आई रोज संध्याकाळी माझा हात धरून त्या पायऱ्या चढते आणि वर टेकता टेकता विचारते, "काऊन वो, पानी येनार हाय का इथं?"

"नाई," मी म्हणते.

"मंग?" म्हणते, आणि सरकून मला बसायला जागा करून देते.