लखूची उघडी बाटली

आमच्या कुंभारवाड्यात कुणी फुकट पाजायला लागलं की मला आधी माझं शेत आठवतं. ते रस्त्याकडेला आहे आणि रिसॉर्टवाल्यांचा त्यावर डोळा आहे. मागं असाच एक जण बिअर घेऊन आला आणि दुसऱ्या ग्लासाला शेताचा सातबारा उतारा कुणाच्या नावावर, म्हणून विचारायला लागला.

त्यामुळं लखूनं मला, म्हादूला आणि परशूला रविवारी दुपारी जेवायला बोलावलं तेव्हा शंकेची पाल चुकचुकलीच. लखू आमच्याबरोबर वाढलेला, पण कितीतरी वर्षं पणजीच्या हॉटेलात स्वयंपाकी. सुट्टीला आला की दाराला कडी लावून झोपणारा माणूस. तो आता आम्हाला पोर्तुगालची तांबडी वाईन पाजणार म्हणे.

गेलो तर बाटली आधीच उघडलेली. "सकाळीच उघडून ठेवली. हिला जरा वारा लागाय पायजे," लखू म्हणाला. उघड्या बाटलीतलं आमच्याकडं कुणी पीत नाही; कोण काय घालेल, सांगता येत नाही. म्हादू ग्लासाकडं नुसता बघत बसला. परशूनं पाणी मागितलं.

"तू घे आदी," मी लखूला म्हणालो.

त्यानं घोट घेतला. चेहऱ्यावर बरं नाही की वाईट नाही. हे मला जास्तच खटकलं.

मग आम्ही घेतली. आम्हाला वाईन माहीत ती नाताळात गोव्याहून येणारी गोड पोर्ट. ही आंबट, जीभ आवळणारी.

"बिघडलीया ही," परशू म्हणाला.

"नुसती घ्यायची न्हाई. जेवताना घ्या."

लखूनं गावठी कोंबडीचा रस्सा आणि रताळ्यासारखी भाजलेली कणंगं वाढली. स्वतः मात्र जेवेना, आमच्या तोंडाकडं टक लावून बसला. आता शेताचं काढणार, मी मनात म्हटलं.

"एक मागायचं हाय," तो म्हणालाच.

"शेत मिळायचं न्हाई."

"शेत घेऊन काय करू मी?" लखू म्हणाला. "तापातनं उठल्यापासनं मला चव न्हाई, वास न्हाई. मालकानं ह्या वाईनबरोबरचं जेवण मला ठरवाय सांगितलंय. त्याला कळलं तर काढून टाकंल. हा रस्सा हिच्याबरोबर जातो का, एवढं सांगा."

"झकास जातो," परशू लगेच म्हणाला.

लखूनं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. "वासू, तू सांग. तू कुणाचं मन राखत न्हाईस."

मला फार वाईट वाटलं. मी पुन्हा एक घास खाल्ला, त्यावर घोट घेतला. तोंडातला तेलकटपणा निघून गेला, वाईनचा आंबटपणाही आता बरा लागला. पण शेताच्या धास्तीत आधी ध्यानात आलं नव्हतं, रस्सा खारट होता, भयंकर खारट.

"वाईन जाती," मी म्हणालो. "मीठ ज्यास्त झालंय."

लखू आतून मिठाचा डबा घेऊन आला. त्यातलं मीठ तळहातावर घेऊन त्यानं हात माझ्यापुढं धरला.

"मी एवढं घातलंवतं. किती काढू?"

मी बोटानं त्याच्या हातावरचं थोडं मीठ परत डब्यात लोटलं. तो बघत राहिला.