भाऊजीच्या गाडीतली गरम जमीन

मे महिन्यात आमच्या बल्लारपुरात डांबर चपलेले चिकटते अन् कुत्रे नालीत जाऊन बसतात. अशा गावात राहून पायाखालची जमीन गरम करायचा इंतजाम करणारा माणूस तुमी पाह्यला का? मी पाह्यला. नुसता पाह्यलाच नाई, त्याच्या नादी लागून ते काम माह्याच हातानं केलं. रामाजी त्याचं नाव, माह्या मोठ्या बहिणीचा नवरा. जावई म्हंजे दहावा ग्रह म्हणतात. हा ग्रह माह्या कुंडलीत सतरंजी टाकून बसला हाय.

मी धनराज, धंद्यानं सुतार. भाऊजी कोळसा खाणीच्या शिफ्टबशीवर डायवर होते. सारी नोकरी एकाच रस्त्यावर गेली, कॉलनी ते खाण अन् खाण ते कॉलनी. बशीचा काच आपल्या जुन्या बनियननं पुसत, इंजिनाशी गोष्टी करत, अन् घरी आल्यावर कोणी विचारलं का आज काय झालं, तं म्हणत, "काई नाई, गाडी चालली." माणूस गरीब गायीवानी, पण डोकस्यात एकदा किडा घुसला का बाहेर काढायची सोय नाई.

रिटायर झाल्यावर लोक देवाले जातात, नातवाले खेळवतात. यानं शाळेची भंगारातली मिनीबस ओढून आणली.

"यात घर करतो," म्हणे. "पलंग, गॅस, पाण्याची टाकी, सारं. इंदूले घेऊन फिरतो. पहिले भामरागड."

भामरागडले माही भाची दिव्यानी नर्स हाय. तिची तिथी एकच खोली. पावसाळ्यात रस्ता बंद होते, अन् हिवाळ्यात जंगलातली थंडी अशी का दात वाजतात. म्हणून बाई, म्हंजे माही बहीण इंदू, पोरीची नोकरीची जागा पाहाले एकदा बी गेली नव्हती.

पलंग मी केला, गॅसचा ओटा केला, टाकी बसली. पण बाईच तयार होईना. चिकनगुनिया झाल्यापासून तिचे पाय पहिल्यासारखे राह्यले नाई. थंड फरशीवर पाय पडला का घोट्यापासून कळ निघते. पुसाच्या थंडीतल्या एका सकाळी ती मोठ्या हौसेनं गाडीत चढली. पायाखाली जुना पत्रा. दोन पावलं टाकली अन् दांड्याले धरून तशीच उतरली.

"तुमी जा," ती भाऊजीले म्हणाली. "आतापर्यंत एकलेच गेले ना? आता बी जा."

बाईच्या जिभेले धार हाय, पण त्या दिवशी ती रागात नव्हती, हरून बोलली होती, अन् त्याचंच भाऊजीले लागलं. गाडीच्या पायरीवर बसून राह्यले. मले म्हणाले, "धनराज, इंदू नाई आली तं मले ही गाडी नाई पायजे. विकून टाकतो." त्याईचे डोळे भरून आल्ते. मी मनात म्हणलं, घ्या, माहा पलंग गेला भंगारात.

मग कुठी गडचांदूरच्या रस्त्यानं एका ढाब्यावर भाऊजीले एक गोरं जोडपं भेटलं. त्याईची बी घरगाडी. चहा पाजला म्हणून त्याईनं भाऊजीले जोडे काढून आत बोलावलं. भाऊजी तिथून जे सुटले ते सीधे माह्या दुकानात. मी रंधा मारून राह्यलो होतो.

"जमीन गरम होती बे! खालून! तव्यावानी नाई, मांडीवर मांजर बसते ना, तशी!"

"मंग तुमी मे महिन्याची वाट पाहा," मी म्हणलं. "आपल्या इथी फुकट भेटते."

पण माणूस ऐकते थोडीच! त्यानं डायवरी अक्कल लावली. इंजिनाचं गरम पाणी तसंबी रेडिएटरमधी जाऊन थंडच होते, तं तेच पाणी पाइपातून जमिनीखालून फिरवून आणायचं. उन्हाळ्यात कॉक बंद. ऐकून मी पहिले शिव्या देल्ल्या, अन् लगेच टेप घेऊन मोजमापाले गेलो. हौसेले मोल नाई म्हणतात, ते काई खोटं नाई.

जुनी जमीन उखडली तं बाप्पा बाप्पा! पत्र्याखालचा प्लाय सडून भिजल्या पोळीवानी झाल्ता. त्यात शाळेच्या पोट्ट्याईचे खडू, गोळ्याईचे कागद, एक छोटासा सॅंडल. भाऊजीनं तो सॅंडल धुऊन खिडकीत वाळत ठेवला, जसा काई त्याचा मालक न्यायले येणार हाय. खालचा सांगाडा घासला, लाल रंगाचे दोन हात मारले. नवा प्लाय टाकला, त्यात पाइपासाठी नागमोडी खाचा मी कोरल्या. पाइप बसवून त्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा, अन् वरून लाकडासारखी दिसणारी मॅट. काम असं झालं का माहाच हात मले चुमावा वाटे.

शेजारचा श्रावण रोज पेपर मिलमधून येताना सायकल थांबवून विचारे, "का जी रामाजीभाऊ, जमिनीवर भाकरी बी भाजसान का?" भाऊजी हासत. माहं टाळकं सरके. "तुले भाजतो आधी," मी म्हणो.

पहिली चाचणी झाली. भाऊजीनं बामणी फाट्यापर्यंत चक्कर मारून आणली. इंजिन तापलेलं, पाइप तापलेले. बाईले हात धरून चढवलं. तिनं पाय ठेवला. आमी दोघं तिच्या तोंडाकडं पाहून राह्यलो, जसा काई निकाल लागणार हाय.

"थंडच हाय," बाई म्हणाली.

मी वाकून हात लावला. खरंच थंड! पाइपाचे जोड पाह्यले, कॉक पाह्यला, सारं बरोबर. मग मी गाडीखाली घुसलो, अन् डोक्यावरच्या प्लायले हात लागला तं चटका बसला. म्हंजे सारी गरमी खालच्या खाली जाऊन राह्यली होती. आमी आख्खा बामणीचा रस्ता गरम करून आलो होतो!

"गाडीसाठी थर्मोकोल आणला होता ना, तो कुठी टाकला तुमी?" बाईनं विचारलं.

"छतात," मी म्हणलं. "दोन दोन थर." आता आमच्या चंद्रपूरकडचा सुतार दुसरीकडं कुठी टाकीन? आमच्या बापजाद्यानं गरमी आत येऊ नये म्हणून छत झाकलं. गरमी बाहेर पळून जाईन, ही चिंता कोणाले कधी पडली होती?

बाईनं डोक्याले हात लावला. "अरे मूर्खा! दिव्यानीच्या वेळी मायनं माह्या बाजेखाली शेगडी ठेवली होती, तवा चारी बाजूनं गोधड्या कायले सोडल्या होत्या? नुसती शेगडी ठेवून बाळंतीण शेकते का? गरमी कोंडून ठेवा लागते रे. खालून बी झाका, बाजूनं बी झाका!"

भाऊजी तिच्याकडं पाहतच राह्यले. जी बाई महिनाभर गाडीचं नाव काढू देत नव्हती, ती आता पदर खोचून मले शिकवून राह्यली होती. मले माह्या चुकीचा राग यायले पायजे होता, पण मनातून लय बरं वाटलं.

सारी जमीन पुन्हा उखडली. अंगावर काटा आला मॅट फाडताना. बाई दारात खुर्ची टाकून बसली, "तिथी फट राह्यली, इथी कोपरा उघडा हाय," करत. दोनदा मी हातोडी फेकून निघून गेलो. दोन्हीखेपा भाऊजी चहा घेऊन मागं आले. शेवटी खालून, बाजूनं, सारा थर्मोकोल गच्च बसला, अन् पाइप, पत्रा, मॅट परत चढले.

मग एका दुपारी दुसरी चाचणी. ठरलं असं का कोठारीपर्यंत जायचं अन् लगेच परतायचं. बाई गाडीत चढली, पायात मोजे. भाऊजीच्या बाजूच्या सीटवर बसली. मी अंगणात राह्यलो. माही हत्याराची पेटी गाडीतच होती, आल्यावर काई कमीजास्त असलं तं करायचं म्हणून.

चार वाजले, पाच वाजले. गाडीचा पत्ता नाई. फोन लागेना. श्रावण येऊन म्हणते, "पाइप फुटला असन जी, बसली असन रस्त्यात." मी त्याले हाकललं, पण फाटकाजवळून हललो नाई. थंड जमीन निघाली असन तं बाई पुन्हा त्या गाडीत पाय ठेवणार नाई, अन् भाऊजी गाडी विकून टाकतीन, हे मले पक्कं माहीत होतं.

दिवस बुडता बुडता भाऊजीचा फोन आला.

"कुठी हाये तुमी?" मी ओरडलोच.

"आष्टीच्या पुलावर."

"आष्टी? कोठारीवरून परतायचं ठरलं होतं ना!"

"अबे, मी कोठारीले म्हणलं परतू, गोंडपिपरीले म्हणलं परतू. तुही बहीण ऐकत नाई. म्हणे, आताच तं पाय मोकळे झाले, गाडी कायले बंद करता? सीधी भामरागडले चाला."

"अन् कपडे? जेवण?"

"म्हणे दिव्यानीजवळ असते ना."

"अन् माही हत्यारं? उद्या मले काम हाय!"

तिकडून बाईनं फोन हिसकला. मी भांडायच्या तयारीतच होतो. पण तिचा आवाज येगळाच होता, पोरीवानी.

"धनराज, मोजे काढून बसली मी. पाय असे गरम हायेत का सांगता नाई येत." मग आवाज खाली करून म्हणाली, "इतके वर्स मले वाटे, हा माणूस घरातून सुटतो अन् गाडीत मजा मारतो. त्याच्या गाडीत मी आज पहिल्यांदा बसली रे. खड्डा आला का तो रस्त्याच्या आधी माह्या पायाकडं पाहते."

हत्याराचं भांडण मी तिथीच सोडून देल्लं.

"हळू जा म्हणा त्याईले," मी एवढंच म्हणलं.

"हळूच जाऊन राह्यले," बाई म्हणाली. "कोणाले घाई हाय?"